मुंबईचा समुद्रकिनारा : स्थलनामें, शिलालेख व स्थानभ्रष्ट वस्तू

मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावरील प्रेक्षणीय स्थळें पाहावयास जाणाऱ्या संशोधकानें तेथें काय पाहावें व काय टिपून घ्यावें, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत केला आहे. अपोलो बंदर, घारापुरी, मरीन ड्राइव्ह, गिरगांव चौपाटी, मलबार टेकडीवरील बागा, बाणगंगा व महालक्ष्मी हीं स्थळें सर्वांस ठाऊक आहेत. लोक तेथें हवा खाण्यास व मुलांस खेळविण्यास जातात. जुन्या कागदांचे शोधक मात्र ह्या जागांकडे सहसा फिरकत नाहींत. पोथ्या मठांत सांपडतात, दप्तरें वाड्यांत सांपडतात. समुद्रकांठच्या बागेंत आपल्या कामाचें काय असणार, अशी त्यांची समजूत असते. ती समजूत बरोबर नाहीं, हें दाखविणें हा ह्या लेखाचा एक हेतु. दुसरा हेतु स्वतःच्या एका चुकीची कबुली देणें हा आहे. ती चूक प्रथम सांगतों, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यांतूनच निघालें आहे.

सुमारें तीस वर्षांपूर्वीं मी शाळेंतील मुलांची सहल घेऊन अपोलो बंदरावर गेलों होतों. मुलांनीं बंदराच्या नांवाचा अर्थ विचारला. अपोलो हा ग्रीक व रोमन लोकांचा सूर्यदेव. त्याचें नांव इंग्रजांनीं बंदरास दिलें, असें मी ठासून सांगितलें. त्यावर एक मुलगी म्हणाली, "सर, आमची आजी ह्याला पालवाच म्हणते." मुलगी कोळीवाड्यांतील होती. अशिक्षित माणसें इंग्रजी शब्दाचा अपभ्रंश करतात, असें सांगून मी तिला गप्प बसविलें. वास्तविक अपभ्रंश झाला तो उलट दिशेनें. १६७२-७४ च्या सुमाराच्या गव्हर्नर ऑंजियरच्या करारांत ह्या जागेचें नांव 'पोलो' असें आढळतें, आणि मुंबईच्या गॅझेटियरकारांनीं 'अपोलो' हें रूप 'पालव' अशा देशी शब्दावरून आलें असें मानिलें आहे. त्या देशी शब्दाचा मूळ अर्थ झाडांची पालवी कीं एक प्रकारची नौका, ह्याविषयीं मतभेद आहे. पण सूर्यदेवाचा येथें कांहीं संबंध नाहीं. संस्कृत शिकलेल्या माझ्यासारख्या मनुष्यास 'पल्लव' शब्द सुचूं नये व परदेशी दैवत सुचावें, ह्याची मला पुढें लाज वाटली. त्या मुलीच्या आजीजवळ जो पुरावा होता तो माझ्याजवळ नव्हता, आणि समोर आलेला पुरावा मीं ऐकूनही घेतला नाहीं.

१. किनारा हाच एक लेख

आज आपण ज्यास मुंबईचा किनारा म्हणतों तो बहुतेक मनुष्यनिर्मित आहे. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगांव, परळ, वरळी व माहीम अशीं सात बेटें पूर्वीं भरतीच्या पाण्यानें एकमेकांपासून वेगळीं होत. १६६१ च्या विवाहकरारानें पोर्तुगालकडून मुंबई इंग्लंडच्या राजास मिळाली व १६६८ सालीं ती सालीना दहा पौंड खंडणीनें ईस्ट इंडिया कंपनीकडे आली. त्यानंतर खाड्या बुजविण्याचें व बांध घालण्याचें काम हळूहळू चालू झालें. शींवचा बांध १८०५ च्या सुमारास पुरा झाला, कुलाब्याचा १८३८ सालीं व माहीमचा १८४५ सालीं. पुढें गोद्यांसाठीं, आगगाडीसाठीं व रस्त्यांसाठीं भरावावर भराव पडत गेले.

एकदां लिहिलेला मजकूर पुसून त्याच कागदावर दुसरा मजकूर लिहावा, तशी ही जमीन आहे. जुन्या अक्षरांच्या खुणा मात्र कोठें कोठें उरतात. पायधुणी आज शहराच्या मध्यभागीं आहे. तेथून समुद्र दिसतही नाहीं. परंतु खाडींतून पलीकडे आलेला मनुष्य जेथें पाय धुई ती ही जागा, असा अर्थ नांवांतच स्पष्ट आहे. उमरखाडी येथें खाडी नाहीं, नांवांत आहे. चिंचबंदराच्या आंतल्या वस्तींत उभें राहिलें असतां बंदर कोठें होतें हें डोळ्यांस कळत नाहीं, कानांस कळतें. जमिनीचा नकाशा बदलला तरी नांवाचा नकाशा बराच काळ टिकतो. म्हणून किनाऱ्यावर फिरणाऱ्या शोधकानें दोन गोष्टी सोबत वाचाव्या : दगडावर कोरलेला लेख आणि लोकांच्या तोंडीं असलेलें नांव. पहिला बहुधा सत्ताधीशांनीं कोरविलेला असतो. दुसरें पाण्याजवळ राहणाऱ्या लोकांनीं राखिलेलें असतें.

२. अपोलो बंदर व कमानीवरील लेख

अपोलो बंदरावरील कमान, म्हणजे गेटवे ऑफ इंडिया, ही बेसाल्ट दगडाची सुमारें ८५ फूट उंच इमारत आहे. हिच्यावरील इंग्रजी लेख संशोधकाच्या दृष्टीनें बोधप्रद आहे. बादशहा पंचम जॉर्ज व राणी मेरी हीं हिंदुस्थानांत उतरलीं त्या २ डिसेंबर १९११ ह्या दिवसाचें स्मारक म्हणून ही उभारली, असें तो लेख सांगतो. रोमन आंकड्यांत कोरलेलें १९११ हें वर्ष पाहून पुष्कळ प्रेक्षक, बादशहा ह्याच कमानींतून आंत आला, असें समजतात. पण १९११ सालीं ही कमान नव्हतीच. बादशहाच्या स्वागतास तात्पुरती शोभेची रचना केली होती. जॉर्ज विटेट ह्यानें केलेला आराखडा १९१४ सालीं मंजूर झाला. त्यानंतर कमानीसाठीं समुद्रांत भराव घालून भिंत बांधावी लागली व १९२४ च्या ४ डिसेंबरला व्हाइसरॉय लॉर्ड रेडिंग ह्यानें तिचें उद्घाटन केलें. म्हणजे ज्या प्रसंगाचें स्मारक, तो प्रसंग घडला तेव्हां कमान नव्हती व कमानीखालची जमीनही नव्हती.

पोथ्यांच्या संग्राहकांस ह्यांत नवल वाटूं नये. ग्रंथांत दिलेला शक हा ग्रंथरचनेचा, नकलेचा कीं मूळ प्रतींतून जसाच्या तसा उतरून घेतलेला, हा प्रश्न आपण पोथीच्या शेवटच्या पानावर नेहमींच विचारतों. तोच प्रश्न दगडाविषयींही विचारावा. लेखांत आलेला काळ व लेख कोरल्याचा काळ हे निराळे असूं शकतात, हें शिकविण्यास ह्या कमानीसारखें सोपें उदाहरण दुसरें नाहीं. ह्याच कमानींतून २८ फेब्रुवारी १९४८ रोजीं ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी परत गेली, आणि २६ जानेवारी १९६१ रोजीं कमानीसमोर शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. एकाच चौकांत तीन काळांच्या खुणा आहेत. त्या ज्या क्रमानें आल्या त्या क्रमानें वाचल्या पाहिजेत.

येथून थोड्याच अंतरावर काळा घोडा नांवाचा भाग आहे. सातवा एडवर्ड राजपुत्र असतां मुंबईस येऊन गेला, त्याच्या स्मरणार्थ आल्बर्ट ससून ह्यानें दिलेला त्याचा अश्वारूढ पुतळा येथें १८७९ सालापासून होता. लोकांनीं राजपुत्राचें नांव घेतलें नाहीं, घोड्याचें घेतलें. १९६५ सालीं पुतळा हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेंत नेला, तरी जागेचें नांव काळा घोडा हेंच राहिलें. २०१७ सालीं तेथें स्वाराविणें एक काळा घोडा नव्यानें उभारला. मध्यंतरीं बावन्न वर्षें घोडा नव्हता, तरी नांव होतें. परंतु नांव टिकलें म्हणून वस्तू हलविल्यानें कांहीं बिघडत नाहीं, असें मात्र समजूं नये. तें पुढील उदाहरणावरून कळेल.

३. घारापुरी : नेलेला शिलालेख

अपोलो बंदरावरून लाँचेनें तासाभरांत घारापुरीस जातां येतें. लेणीं सोमवारीं बंद असतात, एवढें लक्षांत ठेवावें. हीं लेणीं सामान्यतः इ. स. च्या सहाव्या शतकांतील मानिलीं जातात, व १९८७ सालीं त्यांस जागतिक वारशाचा मान मिळाला. तेथील शिल्पांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. मला सांगावयाचें आहे तें जें तेथें नाहीं त्याविषयीं.

एवढीं मोठीं लेणीं कोणीं कोरविलीं ह्याचा निर्णय अद्याप निर्विवाद नाहीं. कोंकणच्या मौर्यांकडे कोणी श्रेय देतात, कलचुरि राजा कृष्णराज ह्याचीं नाणीं बेटावर सांपडल्यामुळें कोणी कलचुरींकडे देतात. ऐहोळच्या शके ५५६ च्या प्रशस्तींत रविकीर्तीनें दुसऱ्या पुलकेशीच्या विजयांचें वर्णन करतांना पश्चिम समुद्राची लक्ष्मी अशा पुरी नगरीचा उल्लेख केला आहे. ती पुरी म्हणजे घारापुरी कीं दुसरें स्थळ, हाही वाद आहे. हे सर्व वाद एका दगडानें मिटले असते असें मानण्यास जागा आहे, कारण तसा दगड तेथें होता. पोर्तुगीज इतिहासकार दियोगु द कूतु ह्यानें लिहून ठेविलें आहे कीं, वसई व तिच्या ताब्यांतील प्रदेश हातीं आल्यावर पोर्तुगीजांनीं लेण्याच्या दारावरील एक लेख कोरलेली शिला काढली. ती वाचूं शकेल असा हिंदु अथवा मुसलमान मनुष्य न मिळाल्यामुळें ती पोर्तुगालच्या राजाकडे पाठविली. तेथेंही ती कोणास वाचतां आली नाहीं. पुढें ती शिला नाहींशी झाली.

ह्या हकीकतीकडे संग्राहकांनीं विशेष लक्ष द्यावें. शिला नेणाऱ्यांनीं ती फोडली नाहीं कीं समुद्रांत टाकली नाहीं. लेख महत्त्वाचा आहे हें त्यांस कळलें होतें. तो वाचला जावा म्हणूनच त्यांनीं तो हलविला. पण जाग्यावर त्याची नक्कल करून ठेवण्याचें कोणास सुचलें नाहीं. वेडीवांकडी कां होईना, एक नक्कल राहिली असती तर प्राचीन लिपींचें ज्ञान झाल्यावर, म्हणजे गेल्या दोन शतकांत, ती वाचणें अवघड नव्हतें. उत्साही शोधकाच्या हातून होणारी हानि शत्रूच्या हातून होणाऱ्या हानीपेक्षां नेहमींच कमी असते असें नाहीं.

ह्याच बेटाच्या किनाऱ्यावर एक मोठा दगडी हत्ती होता. त्यावरूनच पोर्तुगीजांनीं बेटास एलिफंटा म्हटलें. एकोणिसाव्या शतकांत तो मोडकळीस आला व १८६४ सालीं मुंबईस आणला गेला. पुढें तुकडे जोडून तो राणीच्या बागेंत उभा केला. म्हणजे अपोलो बंदराजवळचा घोडा व समोरच्या बेटावरचा हत्ती हे दोघेही आज भायखळ्यास, डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालयाजवळ, पाहावयास मिळतात. तेथें ते सुरक्षित आहेत, ह्याबद्दल हलविणारांचे आभारच मानले पाहिजेत. पण हत्तीचें तोंड कोणत्या दिशेस होतें, गलबतांस तो कोठून दिसे, उतरण्याच्या धक्क्याशीं त्याचा संबंध काय होता, हे प्रश्न आतां त्या हत्तीस विचारून उपयोग नाहीं. वस्तू वांचली, तिची साक्ष अर्धी गेली.

४. मरीन ड्राइव्ह व चौपाटी

नरिमन पॉइंटपासून गिरगांव चौपाटीपर्यंतचा अर्धचंद्राकार रस्ता, ज्यास आज नेताजी सुभाषचंद्र बोस मार्ग असें नांव आहे, तो सुमारें साडेतीन किलोमीटर लांब असून सर्वस्वी भरावावर आहे. येथील नांवेंही वाचण्यासारखीं आहेत. मरीन लाइन्स म्हणजे नाविक पलटणीच्या बराकींची ओळ. पलटण गेली, स्थानकास नांव राहिलें. चर्नी रोड ह्या नांवाविषयीं दोन मतें आहेत : एक, गुरांच्या चरणीवरून, दुसरें, ठाण्याकडील चेंदणी अथवा चरणी भागांतून आलेल्या वस्तीवरून. दोन्ही मतें शक्य आहेत, म्हणून दोन्ही टिपून ठेवावीं व कानास गोड लागतें तेवढ्यावरून निवड करूं नये. नरिमन पॉइंट हें नांव खुर्शेद फ्रामजी नरिमन ह्यांचें. १९२० नंतरच्या दशकांत बॅकबे भरावाच्या कामांतील गैरकारभार त्यांनीं चव्हाट्यावर मांडला व त्यापायीं अब्रूनुकसानीचा खटलाही लढविला. ज्या भरावाच्या व्यवहाराविरुद्ध ते झगडले, त्याच भरावाच्या टोंकास त्यांचें नांव आहे. केवळ नांवाच्या पाटीवरून इतिहास रचणारा पुढील काळचा लेखक त्यांस भरावाचे पुरस्कर्तेही ठरवील. नांव हा पुरावा आहे, पण कागदाच्या साहाय्याविणें तो पंगु आहे, हें येथें ध्यानांत येतें.

चौपाटी ह्या शब्दाची उपपत्ति चार पाट, म्हणजे पाण्याचे चार ओघ, अशी दिली जाते. ह्याच वाळूवर १ ऑगस्ट १९२० रोजीं लोकमान्य टिळकांस अग्नि दिला गेला. तेथें त्यांचा पुतळा आहे. दरवर्षीं अनंतचतुर्दशीस गणेशविसर्जन येथेंच होतें. मुंबईच्या किनाऱ्यावर मूळची वाळू जेथें अजून पायांस लागते अशा थोड्या जागांपैकीं ही एक आहे.

५. मलबार टेकडी, वाळकेश्वर व महालक्ष्मी

चौपाटीवरून टेकडी चढून गेल्यावर फिरोजशहा मेहता उद्यान लागतें. लोक त्यास हँगिंग गार्डन म्हणतात. हें शहरास पाणी पुरविणाऱ्या जलाशयावर रचिलें आहे. फुलझाडांखालीं पाणी आहे, हें फिरावयास येणाऱ्यांपैकीं थोड्यांसच ठाऊक असतें. समोरचा कमला नेहरू पार्क, ज्यांत म्हातारीचा बूट आहे, तो १९५० नंतरचा आहे. ह्या बागेच्या कठड्याशीं उभें राहून खालीं पाहिलें असतां मरीन ड्राइव्हची संपूर्ण कमान दिसते. भरावाचा आकार समजून घेण्यास ह्याहून चांगली जागा नाहीं. जुना नकाशा सोबत असल्यास येथें उलगडावा.

टेकडीच्या दुसऱ्या अंगास वाळकेश्वराचें देवालय व बाणगंगेचें तळें आहे. समुद्र इतका जवळ असून तळ्यास गोड्या पाण्याचा झरा आहे. देवालयाची परंपरा शिलाहारकाळापर्यंत नेली जाते. पोर्तुगीज अमदानींत जुनें देऊळ नष्ट झालें व १७१५ च्या सुमारास रामा कामती ह्या शेणवी व्यापाऱ्यानें तें पुन्हां बांधिलें. 'वालुकेश्वर' ह्या संस्कृत रूपांत वाळूचें लिंग अभिप्रेत आहे व रामकथेशीं त्याचा संबंध जोडला जातो. कथा इतिहास म्हणून घेऊं नये; पण कथेंत वाळू कां आली, हा प्रश्न इतिहासाचा आहे. तळ्याच्या भोंवतालच्या गल्ल्यांत व देवळांच्या आसपास जुने कोरीव दगड दिसल्यास ते जेथें आहेत तेथेंच राहूं द्यावे व त्यांचें चित्र घ्यावें.

उत्तरेस महालक्ष्मी व हाजी अली ह्यांच्या बाजूनें वरळीस जाणारा बांध आहे. इंग्रजींत ह्यास हॉर्नबी व्हेलार्ड म्हणत. व्हेलार्ड हा शब्द पोर्तुगीज 'व्हालादु', म्हणजे बांध अथवा कुंपण, ह्यावरून आला. विल्यम हॉर्नबी हा १७७१ ते १७८४ पर्यंत गव्हर्नर होता. बांधाचें काम पुरें झाल्याचें वर्ष १७८४ असें सामान्यतः देतात. ह्या बांधानें भरतीचें पाणी अडलें आणि मधल्या सखल भागांत वस्ती शक्य झाली. बांध वारंवार खचे, तेव्हां पाठारे प्रभु ज्ञातींतील रामजी शिवजी नांवाच्या कामगारास देवीनें दृष्टांत दिला, समुद्रांतून मूर्ति निघाल्या व मग बांध टिकला, अशी महालक्ष्मीची आख्यायिका आहे. आख्यायिकेंतील दृष्टांत बाजूस ठेविला, तरी बांध टिकविणें किती कठीण होतें ही आठवण तिच्यांत आहे, आणि काम करणाऱ्या देशी माणसाचें नांवही तिनेंच राखिलें आहे. रस्त्याच्या इंग्रजी नांवांत केवळ गव्हर्नर होता.

ह्याच भागांत किनारा आमच्या डोळ्यांदेखत पुन्हां बदलला. वरळी ते मरीन ड्राइव्ह हा किनारी रस्ता मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्यानें खुला झाला. तो कांहीं ठिकाणीं नव्या भरावावर व मलबार टेकडीखालीं बोगद्यांतून गेला आहे. समुद्र जो बांधाच्या भिंतीशीं येई तो आतां पलीकडे गेला. हें इष्ट कीं अनिष्ट हा विषय ह्या नियतकालिकाचा नव्हे. आपला विषय इतकाच कीं, त्या भिंतीशीं गळ टाकून बसणाऱ्या व होड्या लावणाऱ्या लोकांजवळ खडकांचीं, ओहोटीच्या वाटांचीं व उतरण्याच्या जागांचीं नांवें आहेत. खडक झांकला गेला म्हणजे नांवाची गरज संपते, आणि गरज संपलेलें नांव एका पिढींत मरतें.

६. शोधकानें काय करावें

मुंबईविषयीं मराठींत साधनें नाहींत असें नाहीं. राजवाडे ह्यांनीं १९२४ सालीं प्रसिद्ध केलेली महिकावतीची बखर उत्तर कोंकणच्या जुन्या वस्तीची माहिती देते. गोविंद नारायण माडगांवकर ह्यांचें 'मुंबईचें वर्णन' १८६३ सालचें, म्हणजे किल्ल्याचा तट पाडला जात होता त्या सुमाराचें आहे. आचार्य व शिंगणे ह्यांचा 'मुंबईचा वृत्तांत' १८८९ चा. हे ग्रंथ घरीं वाचून मग किनाऱ्यावर जावें. त्यांतील जागा आज कोठें पडतात हें पायांनीं तपासावें.

जातांना एक वही जवळ असावी. प्रत्येक कोनशिलेचा मजकूर ओळींच्या क्रमानें, चुकांसह उतरून घ्यावा, आणि उतरल्याची तारीख खालीं लिहावी. जुन्या कोळ्यास अथवा तांडेलास जागेचें नांव विचारून तो जसा उच्चारील तसेंच लिहावें. शुद्ध करूं नये. अर्थ त्यानें सांगितला तर तो वेगळा लिहावा, आपणांस सुचला तर त्याहून वेगळा. पडलेला कोरीव दगड दिसल्यास तो घरीं आणण्याचा मोह आवरावा. दप्तराचा रुमाल सोडून त्यांतील कागद निरनिराळ्या विक्रेत्यांकडे गेले म्हणजे कोणता कागद कोणत्या घराण्याचा हें कळेनासें होतें, व त्याचें दुःख आपणां सर्वांस पुरेपूर ठाऊक आहे. जागेवरून उचललेला दगड हा रुमालांतून सुटलेला कागदच होय. तो हलविणें अपरिहार्य असेल तर आधीं ठसा, मोजमाप, दिशा व जागेचें नांव एवढें तरी नोंदवावें.

मीं स्वतः हें काम उशिरां सुरू केलें. त्या मुलीच्या आजीनें पालवा बंदराविषयीं आणखी काय सांगितलें असतें, हें मला आतां कळण्याचा मार्ग नाहीं. ज्यांच्या परिचयाची अशी एखादी वृद्ध व्यक्ति आज हयात आहे, त्यांनीं तिला विचारण्यास विलंब करूं नये, आणि ऐकलेलें टिपण ह्या नियतकालिकाकडे पाठवावें, अशी नम्र विनंति करून हा लेख पुरा करतों.